ताण

फिल्म खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले,
चौथा-पाचवा मणका. मधली गादी सरकलीय, नस दबलीय.
मी पाहिलं : काळ्यावर करडे ठोकळे,
गोदामात रचलेल्या चादरींसारखे एकावर एक,
खालून दुसरा गठ्ठा जरा बाहेर आलेला.
'ऑपरेशन?' बायकोने विचारलं
पदराची गाठ सोडता सोडता.
'आत्ता नाही. बहुतेकांना लागत नाही.'
तिने गाठ परत मारली.

त्या दिवशी बीम उचलताना
मल्लिनाथ म्हणाला होता, थांब, मी येतो.
मी थांबलो नाही. एवढंच.

घरात नडुमु, शेजारच्या हिरेमठांकडे सोंट,
कारखान्यात कंबर,
पण दुखत होता पाय.
ढुंगणापासून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत
तापलेली तार.
गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे इलाज.
कुणी म्हणे महिनाभर फळीवर नीज,
कुणी म्हणे मंगळवेढ्याकडे एक जण लाथ मारून मणका बसवतो.
मागच्या बोळातला अंबय्या गेला होता चालत,
आला रिक्षात आडवा.

अशोक चौकात दवाखाना, तोही पहिल्या मजल्यावर.
कंबरदुख्यांसाठी अठरा पायऱ्या! मोजल्यात मी.
नदाफ मॅडम. वयाने माझ्या धाकटीएवढ्या.
'आजोबा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे,
आता मी पण गाद्यांचंच बघते,' म्हणाल्या
आणि माझा पाय सरळ उचलला.
पुढचं मला आठवत नाही. ओरडलो असेन.

'मॅडम, धागा तुटला तर मी गाठ मारतो.
तुम्ही का नाही मारत?'
'तुटलंय कुठे काय, राजमल्लू काका?
मागावर ताण जास्त झाला की काय करता?'
'माग बंद करतो. बीम थोडा सैल सोडतो.'
'थोडा?'
'थोडाच. फार सोडला तर झोळ पडतो.'
'मग महिनाभर फळीवर कशाला निजताय?'

तर आता असं.
पहाटे, ऊन चढायच्या आत, तळ्याकडे चालणं.
पहिल्या दिवशी एक खांब. मग दोन.
चौथ्या खांबाला चहाचं दुकान, तिथे उभ्यानेच.
रात्री एक गोळी, तिने तोंड कोरडं पडतं.
गरम पाण्याची पिशवी.
पट्टा फक्त कामापुरता, जन्मभर बांधायचा नाही.
नाहीच जमलं तर मणक्यात एक इंजेक्शन आहे, तेही ऑपरेशन नव्हे.
आणि पाऊल लुळं पडलं, लघवी कळेनाशी झाली,
तर त्याच रात्री मोठा दवाखाना. माझी वाट बघू नका, म्हणाल्या.
हे त्यांनी दोनदा सांगितलं, हसल्या नाहीत.

आणि पालथं पडणं. कोपरांवर येणं. दहा मिनिटं.
'पायातलं कमी होऊन कंबरेत वाढलं तर घाबरू नका,
दुखणं घरी परततंय.'
सहावा आठवडा. अंगठा सुटला, पोटरी सुटली.
गुडघ्याच्या मागे मात्र ठाण मांडून बसलंय,
घराचा पत्ता विसरल्यासारखं.
मालक म्हणतात, कांड्या भर, निम्मा पगार.
बघू.

जमिनीवर माझीच चादर.
एकतीस वर्षं विणली, इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.
नाकाखाली मोर, मोराच्या मानेत
एक धागा चुकलेला. माझाच हात.
शेजारी बायको वाकून बसलेली, मांडीवर सूप.
घड्याळ नाही, ती विड्यांनी वेळ मोजते :
सतरा विड्या म्हणजे दहा मिनिटं.
तिच्या कंबरेची फिल्म कुणी काढली नाही.

'झाल्या सतरा.'
'तू पण ये.'
'आणि हजार कोण भरणार?'
मी काही बोललो नाही. मोराकडे बघत राहिलो.
थोड्या वेळाने सूप सरकल्याचा आवाज,
तंबाखूचा वास,
आणि तिचं कोपर, माझ्या कोपराला लागून.
चादर डबल आहे. जागा आहे.